मैदानातल्या बायकांनी कॉमेंट्री ऐकू नये

खो-खो खेळणाऱ्या बायकांनी खेळावं, कॉमेंट्री ऐकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हैदराबादेत आमच्या काचीगुड्याच्या मराठी मंडळाचा आणि कुकटपल्लीच्या मंडळवाल्यांचा दरवर्षी महिला खो-खोचा सामना होतो. तीन वर्षं करंडक कुकटपल्लीला. यंदा कप्तान माझी बायको, सुनंदा. दोन महिने ती ऑफिसातून आली की पदर खोचून मैदानावर. घरी कपाटावरची जागासुद्धा करंडकासाठी पुसून ठेवली होती. (मंडळाचा करंडक आमच्या कपाटावर का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.)

माईकवर आम्ही दोघं. वाघमारे घडेल ते सांगणार, मी मधे मधे रंग भरणार. आता रंग भरणं म्हणजे काय, हे कुणाला कळतं का? ‘पळाली, पकडली’ हे लोकांना दिसतंच की! जाणकारानं आतली गोष्ट सांगावी. आणि आतली गोष्ट माझ्याइतकी कुणाला ठाऊक? सगळे डावपेच माझ्याच घरी, मी केलेला चहा पीत ठरले होते!

शेवटचा डाव. आमच्या तिघी पळणाऱ्या उरलेल्या, चार मिनिटं टिकल्या की करंडक आमचा. मी भोंग्यावरून सांगितलं, की मंगलताईंना आज संकष्टीचा उपास आहे, दमल्या की त्या कमरेवर हात ठेवतात. झालं! कुकटपल्लीच्या बायकांनी त्यांना नुसतं फिरवलं आणि हात कमरेवर गेला रे गेला की टिपलं.

मग रेखा. ती चष्मा काढून खेळते, लांबचं काही दिसत नाही तरी पळते, या जिगरीचं मी मनापासून कौतुक केलं. तिसरं मिनिट संपता संपता लांबून एक बाई सुसाट आली आणि रेखा गेली. वाघमारे कानाशी पुटपुटला, “नक्को जी, चुप बैठो.” जळतो मेला, म्हटलं.

उरली एकटी सुनंदा. मिनिटभर काढायचं होतं. तिनं पळता पळता माझ्याकडे पाहिलं.

“श्रोतेहो, कप्तान डोळे वटारतायत. घरी याचा अर्थ ‘गप्प बसा’ असा होतो. पण जाणकारानं तटस्थ राहावं!”

लोक हसले. मग मला कोण आवरणार?

“आता बघा, खांबाशी उजवीकडे हूल देतील आणि डावीकडूनच सुटतील. उजवा गुडघा दुखतोय, पंधरा दिवस मीच तेल चोळतोय!”

सुनंदानं उजवीकडे हूल दिली. कुकटपल्लीची बाई डावीकडे हात पसरून आधीच उभी! वीस सेकंद राहिले होते, फक्त वीस.

चोरून ऐकणं खिलाडूपणात बसत नाही, असं मी माईकवरून ठणकावून सांगितलं. तेव्हा मात्र एकीनंही ऐकलं नाही.

बक्षीस समारंभात कुकटपल्लीच्या कप्तानबाईंनी जाहीर केलं, की सामन्यातल्या उत्कृष्ट खेळाडूची ढाल त्या मला देतायत. सुनंदाचे डोळे भरले होते.

“जा, घ्या,” ती म्हणाली. “त्यांच्याकडून खेळलात ना?”

टाळ्या चालू होत्या, काय करणार? गेलो. ढाल घेतली. आणि समोर माईक दिसल्यावर राहवेना, म्हणून दोन शब्द बोललोच : “सुनंदाच्या पाठिंब्याशिवाय हे शक्यच नव्हतं.”