सडा न पडलेली जागा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी तोंडावर हसतो. घरच्यांना माझी ही सवय अजिबात आवडत नाही, पण काय करणार… माझं कामच पुराव्याचं. मी एका सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर आहे, राहायला जळोचीत. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या गार्डना ट्रेनिंग मीच देतो. चोरी झाल्यावर काय करायचं, यापेक्षा काय करायचं नाही हेच जास्त शिकवावं लागतं. आपल्याकडे काही घडलं की आधी दहा जण बघायला जमतात, एक जण पडलेली वस्तू उचलून नीट बाजूला ठेवतो आणि कोणीतरी पाणी मारून जागा स्वच्छ करतं. मग पोलीस येतात.

तर निमगाव केतकीच्या अलीकडे एक डाळिंबाचं पॅकहाउस आहे. तिथे आमचे सोपानतात्या नाइटला असायचे. साठीच्या घरातले, ट्रेनिंगमध्ये मागे बसून डुलक्या घेणारे. एका सकाळी माल घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला ते कंपाउंडच्या भिंतीपाशी पडलेले दिसले. डोक्याला मार, शुद्ध नाही. त्याने त्यांना टेम्पोत घातलं आणि थेट बारामतीला आणलं. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तात्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकू, कॉटपाशी बसल्या होत्या.

तेवढ्यात पॅकहाउसच्या मालकांचा फोन. कोल्ड स्टोरेजची तांब्याची केबल चोरीला गेली होती.

"तुमचा माणूस पिऊन पडला आसंल, न्हायतर सामील हाय," ते म्हणाले. "केस त्याच्यावरच करतो."

आवाज एवढा मोठा की काकूंना सगळं ऐकू गेलं. "पीत न्हाईत वो ते," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. पण नुसत्या वाईट वाटण्याला पोलिसात किंमत नसते. पॅकहाउसवर कमलमावशी रोज सकाळी अंगण झाडून सडा मारतात, हे मला माहीत होतं. म्हणजे होतं-नव्हतं ते धुतलं गेलं असणार.

हवालदारांना घेऊन मी तिथे गेलो. अंगणभर खराट्याच्या रेघा, सड्याने बसलेली धूळ. भिंतीपाशी मात्र खाटेएवढी जागा कोरडी, जशीच्या तशी. भिंतीवरून आत उड्या मारलेल्या दोघांच्या बुटांचे ठसे आणि रक्त लागलेला सळईचा तुकडा.

"मावशी, एवढंच कसं राहिलं?"

"तात्या हुतं की तितं उभं," मावशी म्हणाल्या. "म्हनलं सरका, सडा मारायचाय. तर नुसता हात आडवा केला. सळई उचलाया गेले तर डोळं वटारलं माझ्यावर. म्हनलं ऱ्हावा मग उभं."

"कधी?"

"आत्ता की. तुमची गाडी आली तवर हुतं."

मावशींना तात्यांचं काही कळलेलंच नव्हतं. त्या कामावर आल्या तेव्हा टेम्पो निघून गेला होता. आणि त्या सडा मारत होत्या त्या वेळी तात्या बारामतीत माझ्यासमोर कॉटवर होते, हाताला सलाइन. मी निघालो तेव्हाही ते बेशुद्धच होते.

हवालदारांनी विचारलं, "आम्ही येईपर्यंत जागेवर कोण होतं?" त्यांना ते विचारावंच लागतं.

मी त्या कोरड्या जागेकडे पाहिलं. मग म्हणालो, "आमचा गार्ड."

सळईवरच्या बोटांच्या ठशांवरून दोघं सापडले, केबलही मिळाली. मालक हॉस्पिटलात येऊन काकूंची माफी मागून गेले. मावशी खोटं कशाला बोलतील? दुसरा कोणी माणूस म्हणावा, तर त्या तात्यांना रोज बघतात. मी सगळ्या बाजूंनी विचार केला… काही हाती लागलं नाही. आजही नाही.

तात्या शुद्धीवर आले तेव्हा मी तिथेच होतो. मागून फटका बसला, पुढचं काही आठवत नाही म्हणाले. मी विचारलं, "डोकं फार दुखतंय का?"

"डोक्याचं काय न्हाय साहेब," तात्या म्हणाले. "पिंढऱ्या लई भरून आल्यात. उभ्यानं ड्युटी केल्यागत."

काकू त्यांचा पाय चेपू लागल्या. मी कॉटच्या पलीकडे गेलो आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.