धाकूमामांची साखरबंदी

धाकूमामा राण्यांचा उभा जन्म गिरणीच्या गेटवर झडती घेण्यात गेला. सुटणाऱ्या कामगाराने कमरेला कापड गुंडाळलंय की त्याचं पोटच सुटलंय, हे म्हणे त्यांना लांबूनच कळायचं. एकदा त्यांनी खुद्द मोठ्या साहेबाच्या पोटावर थाप मारून "काढ बाहेर!" असं फर्मावलं होतं, ते मात्र ते कधी सांगत नसत. मग तो मोठा संप झाला, गिरणी बसली, गेटला टाळं लागलं आणि मामा बोरिवलीला काजूपाड्याच्या चाळीत घरी बसले. पण हातांची सवय जाते थोडीच? घरी येणाऱ्या पाहुण्याची पिशवीसुद्धा ते सहज बोलता बोलता चाचपून बघत.

अशात त्यांच्या नातीला, सात वर्षांच्या मीराला, डायबेटिस निघाला. इवल्याशा पोरीला रोज सुई! सून सुलक्षणा रडली, मस्कतला नोकरीला असलेला मुलगा चंद्रप्रकाश फोनवर रडला, आणि मामा मोरीत नळ सोडून रडले. मग डोळे पुसून बाहेर आले आणि म्हणाले, "आता ह्या घरात साखरेचा कण येऊन दाखवू दे!" मामांना नवं गेट मिळालं.

काय ती नाकाबंदी! मीरा शाळेतून आली की उंबऱ्यावर झडती. दप्तर, मोजे, वेणीच्या रिबिनी, सगळं. मग "आ कर", आणि तोंडाचा वास. रेशनची साखर मामा परस्पर वाटून टाकत. स्वतः चहा बिनसाखरेचा पीत आणि पिताना असं तोंड करत की समोरच्याचा चहा कडू व्हावा.

सुलक्षणा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. सकाळी पोरीला इन्सुलिन टोचून कामाला जाताना ती सासऱ्यांना बजावायची, "बाबा, साखर वाढते तशी एकदम खालीही जाते. घाम फुटला, हात थरथरले, वेड्यासारखी बडबडायला लागली, तर लगेच साखर द्यायची. शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर निजवायचं आणि थेट इस्पितळ." मामा मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, डायबेटिसच्या पोरीला साखर? सूनबाईची ड्युटी फार होते, दुसरं काय! तिने फळीवर ठेवलेला ग्लुकोजचा डबा त्यांनी झडतीत पकडला आणि तिच्या नकळत मंडळाच्या कबड्डीवाल्या पोरांना देऊन टाकला. पोरं तो पिऊन पहिल्याच फेरीत हरली.

एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले! शेजारी फितूर असतील तर? गेटवर असताना ते दुसऱ्या वॉचमनची परीक्षा घ्यायला मुद्दाम खोटा चोर पाठवत. तोच खेळ चाळीत सुरू झाला. रडवेलं तोंड करून दारात जायचं, "मीराला कसंतरी होतंय गो, चमचाभर साखर दे" म्हणायचं, आणि बिचारीने वाटी पुढे केली की तासभर तिची हजामत करायची. शेजारची प्रेमा एकदा अशी सापडली. जिच्या फ्रिजमध्ये मीराचं इन्सुलिन राहायचं, तिलाच मामांनी "विष घालतेस पोरीला?" म्हणून चाळभर ऐकवलं. टपरीवरचा गुणाजी चहावालाही एकदा नापास झाला. तेव्हापासून सगळी चाळ तयार. मामा आणि साखर हे दोन शब्द एकत्र आले की दारं बंद.

त्या दुपारी मीरा शाळेतून आली ती खो-खोचा सराव करून. झडतीत डबा सापडला, पोळी-भाजी जशीच्या तशी. "पोट भरलेलं दिसतंय! काय खाल्लंस? कोणी दिलं?" मामा गरजले. मीरा खुदकन हसली. "ए धाक्या, तुझी मिशी पळतेय बघ," म्हणाली.

धाक्या! मामांच्या बापानंतर कोणी त्यांना असं म्हटलं नव्हतं. ते हात उगारणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की पोरीचा गणवेश घामाने निथळतोय. "आ कर" म्हटलं तर तिने नाक पुढे केलं. हात असे थरथरत होते की रिबीन हातात धरवत नव्हती. मग ती भिंतीला टेकली आणि भिंतीलाच "बाई, मी आले" म्हणाली.

सुनेचं एकूण एक वाक्य मामांच्या कानात वाजायला लागलं. घाम, थरथर, बडबड. अरे देवा! साखर! त्यांनी फळीवरचा डबान् डबा उघडला. तूरडाळ, तांदूळ, कोकमं, सुका बांगडा. साखर कुठून असणार, घरात मामा होते ना!

पोरीला भिंतीशी नीट बसवून ते प्रेमाच्या दारावर धडकले. "प्रेमा, साखर दे गो! मीराला खरंच कायतरी होतंय!"

प्रेमाने खिडकीतूनच हात जोडले. "नको हं मामा. मागच्या वेळीही खरंच होतं. आणि पोरगी आत मजेत पाढे म्हणत होती."

"अगो, देवाशप्पथ!"

"ती पण घेतली होतीत." खिडकी बंद.

मामा टपरीकडे धावले. गुणाजीने त्यांना येताना बघितलं आणि साखरेचा डबा पोटाशी धरला. "नाय देणार! जीव गेला तरी नाय! काय मामा, आज पास ना?" गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

"मेल्या, पास! पास! आता दी रे!" मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"काय ॲक्टिंग करतो म्हातारा, झकास!" एक गिऱ्हाईक म्हणालं.

मग मामांनी जे केलं ते काजूपाडा विसरलेला नाही. जन्मभर चोर पकडलेल्या माणसाने गुणाजीच्या पोटावर थाप मारली, डबा हिसकावला आणि धूम ठोकली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात लेंग्याची नाडी. मागे गाळणं घेऊन गुणाजी, त्याच्या मागे गिऱ्हाइकं, त्यांच्या मागे कुत्रं. "पकडा, चोर!" ऐकून प्रेमा लाटणं घेऊन बाहेर आली आणि वरातीत सामील झाली.

वरात मामांच्या दारात पोचली आणि उंबऱ्यावरच थबकली. मीरा जमिनीवर घसरली होती. डोळे अर्धे उघडे, ओठ पुटपुटत होते. गुणाजीच्या हातातलं गाळणं गळून पडलं.

"बसती करा तिला," प्रेमा लाटणं टाकून आत शिरली. "मीरा, गिळ बघू... हां, गिळतेय, शुद्ध आहे. मामा, पाण्यात कालवा. घोट घोट द्या, ओतू नका."

मामांनी पेला तिच्या ओठांना लावला. पोरीने दात गच्च आवळले. चव कळली होती तिला. मान हलवत ती पुटपुटली, "नको. आजोबा ओरडतील."

"बाय माझे, मीच तुझो आजो!"

"खोटं. आजोबा नाही देत."

एवढी चाळ दारात उभी, पण कोणाला हसू आलं नाही. मामांचा चेहरा बघवत नव्हता. जी पोर दोन दात पडले तेव्हाही रडली नव्हती, तिचं तोंड आज त्यांच्या भीतीने शिवल्यासारखं मिटलं होतं, आणि भीती घालणारे तेच होते. मग त्यांनी डब्यात हात घातला आणि मूठभर साखर स्वतःच्या तोंडात कोंबली. मिशीवर साखर, हनुवटीवर साखर. "बघ गो," ते भरल्या तोंडाने म्हणाले, "आजो खाता. आजो ओरडत नाय. आता तू खा, माझ्या बाय."

मीराने त्या मिशीकडे टक लावून बघितलं. दात जरासे सुटले. एक घोट गेला, मग दुसरा. मामा मोठ्याने राम राम म्हणत होते आणि प्रेमा त्यांना गप्प बसा म्हणत होती. हळूहळू घाम आटला, डोळ्यांत ओळख आली. मग प्रेमाने दूध-पोळी कुस्करून भरवली. टपरीवर दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा कुठे गुणाजी हलला.

संध्याकाळी सुलक्षणा आली ती गल्लीच्या तोंडापासूनच सगळं ऐकत आली. तिने आधी पोरीला छातीशी धरलं. मीराला दुपारचं काहीएक आठवत नव्हतं. पण एवढी माणसं, आईच्या डोळ्यांत पाणी, आणि मधोमध साखरेचा डबा बघून तिला वाटलं, झडतीत आपणच सापडलो.

"आई, मी नाही गं खाल्ली साखर," ती कावरीबावरी होऊन म्हणाली. "देवाशप्पथ. आजोबांना विचार."

"खाल्लीस," मामा म्हणाले. "मी चारली. परत कधी असं झालं तर परत खायची. मला विचारायचंसुद्धा नाही." आणि एवढं बोलून धाकूमामा राणे, नळबिळ काही न सोडता, सगळ्या चाळीसमोर हमसून हमसून रडले.