गप्प बसण्याचा अभ्यास

बी.एड.च्या प्रवेशावेळी कुणी विचारलंच, तर लहानपणापासून शिक्षक व्हायचं होतं असं सांगायची पद्धत आहे. मीही तसंच सांगितलं. खरी गोष्ट एवढीच की पदवी झाली होती, सीईटीत गुण बरे पडले होते आणि शिर्डीतल्या आमच्या हार-प्रसादाच्या दुकानात मला बसायचं नव्हतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी रजा मंजूर करावी तशी परवानगी दिली. "दोन वर्सं बघ. जमलं तर ठीक, न्हाई जमलं तर दुकान हायेच." धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत लागलेला, त्यामुळे दुकानासाठी मीच उरलो होतो.

दुकानाचं शास्त्र मला आधीपासूनच येत होतं. गिऱ्हाईक थबकलं की बोलत राहायचं, हा अण्णांचा नियम. या ताई, चपला इथंच सोडा, हार ताजा आहे, पेढे आजचेच आहेत. मराठी, हिंदी, थोडी गुजराती, कामापुरती तेलुगू. प्रश्नही आपणच विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं. किती जण आहात, चार का, मग मोठं ताट घ्या. "त्याला इचार करू दिला की ते म्होरच्या दुकानात गेलंच समज," असं अण्णा सांगत. शाळेत असल्यापासून मी हेच करत आलो होतो आणि खोटं कशाला बोलू, मला ते उत्तम जमत होतं.

नगरच्या कॉलेजात सूक्ष्मपाठ सुरू झाले. त्यात आपलेच सोबती सहावीतली मुलं होऊन बाकांवर बसतात, त्यांना काही मिनिटं शिकवायचं आणि आमच्या पद्धतीच्या मॅडमनी मागं बसून बघायचं. आमच्या सहावीत दोन लेकुरवाळ्या बाया होत्या आणि मिशा राखलेला एक माजी फौजी होता. तो "सर, मी सांगू?" म्हणून हात वर करी. माझा पाठ धडाकेबाज झाला, निदान मला तरी तसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "प्रश्न छान विचारलेत. उत्तरंही तुम्हीच छान दिलीत. मग या मुलांना कशाला बसवलं होतं?"

फौजी सगळ्यात मोठ्यानं हसला.

पुढचे पाठही त्याच वाटेनं गेले. मॅडमनी उपाय सांगितला, "प्रश्न विचारला की तोंडात पाणी धरलंय असं समजा." ऐकायला सोपं होतं. पण वर्ग शांत झाला की मला गिऱ्हाईक निघालं असंच वाटे आणि तोंड आपोआप सुरू होई. पहिलं वर्ष संपताना मी मनातून हरलो होतो. वर्गात उभं राहणं मला आवडायला लागलं होतं आणि नेमकं तेच जमत नव्हतं, याचा फार त्रास होई.

दुसऱ्या वर्षी खऱ्या शाळेत शिकवायला पाठवतात. मी कोल्हारची शाळा मागून घेतली, कारण शिर्डीहून एसटीनं जाता येत होतं. मॅडम पाठ बघायला आल्या त्या दिवशी माझा विषय होता नदी. मी विचारलं, "पाऊस नसतो तेव्हाही आपल्या प्रवरेला मधूनच पाणी येतं. ते कुठून येतं?" आणि ओठ मिटून घेतले.

कुणी बोलेना. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, मुलांनी तिकडं माना वळवल्या, परत माझ्याकडं बघितलं. मधल्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आत्याच्या गावाहून येतं."

वर्ग खो खो हसला. नाही, धरणातून येतं, हे वाक्य माझ्या दातांपाशी आलं होतं. ते मी कसंबसं तसंच धरलं. हसणं ओसरलं. मुलगी माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. मग ती म्हणाली, "आत्याचं गाव वर डोंगरात हाय. तिथं पाणी आडवलंय. सोडलं की आत्या पप्पाला फोन करती, नदीतल्या मोटारी बघून घ्या म्हनून. मग ते आपल्याकडं येतं."

आता कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, यायला किती वेळ लागतो. दुसरा म्हणाला, मधल्या गावांनी उचललं तर आपल्याला कमीच. मुलं एकमेकांतच बोलत सुटली आणि पाठ अर्धाच झाला. मॅडमनी शेरा मारला की वेळेचं नियोजन हवं, ते बरोबरच होतं. मला मात्र त्या दिवशी इतका आनंद झाला की मी एसटीत उभ्यानंच शिर्डीला आलो, बसायला जागा होती तरी. आपल्याला हेच करायचं आहे, हे मला कळलं होतं. अण्णांना कसं सांगायचं, ते कळलं नव्हतं.

ते सांगावं लागलंच नाही. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी होती म्हणून दुकानात बसलो. एका बाईंनी हार हातात घेतला. मी विचारलं, "किती जण आहात?" आणि थांबलो. बाईंनी जरा विचार केला, हार परत ठेवला आणि पुढं गेल्या. दुपारपर्यंत असं बऱ्याचदा झालं. मी मुद्दाम करत नव्हतो.

अण्णा पेढ्यांचे खोके बांधत सगळं बघत होते.

"गप का बसतो रे?"

"त्यांना ठरवू देत होतो."

त्यांनी हातातल्या खोक्याची गाठ मारली. "तू मास्तरच हो आता," ते म्हणाले. "दुकान तुझ्यातून गेलं."

आवाजात राग अजिबात नव्हता. हेच ऐकायला मी इतके दिवस धडपडत होतो, आणि ते ऐकल्यावर मला रडू आलं. अण्णा रस्त्याकडं तोंड करून पुढच्या गिऱ्हाइकाला हाका मारू लागले, आणि बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.