साडूभाऊ आणि वाळवणाचं यंत्र

नाशकात आजवर विकत न घेतल्या गेलेल्या वस्तूंचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्यातलं अर्धं पुस्तक आमच्या साडूंवरच खर्ची पडेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर मालाची तपासणी केली. समोर आलेला प्रत्येक नग हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, फिरवून बघायचा आणि मग ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ असा एकच शब्द उच्चारायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं शाल, नारळ आणि मनगटी घड्याळ दिलं. शाल आणि नारळ त्यांनी तिथल्या तिथे स्वीकारले. घड्याळ मात्र महिनाभर टीव्हीवरच्या बातम्यांशी ताडून पाहिलं आणि मगच मनगटावर बांधलं. कारखाना सुटला, पण तपासणी काही सुटली नाही. उलट आठ तास एका खात्यात चालणारी ती गोष्ट आता पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या कॉलनीत दिवसभर मोकळी हिंडू लागली.

एकदा त्यांना पंखा घ्यायचा होता. सोबत मी होतो, कारण गाडी माझी होती. साडूभाऊंना कुठलीही खरेदी करायची असली की गाडी माझी असते. त्यांनी दुकानदाराला पंखा लावायला सांगितला, खाली खुर्ची ओढली आणि डोळे मिटले. ऐन मे महिन्याची दुपार. बघता बघता त्यांना गाढ झोप लागली. दुकानदार भला माणूस, त्यानं मला चहा पाजला, मग जेवायला घरी जाऊन आला, मग पुन्हा चहा पाजला. उन्हं कलल्यावर साडूभाऊ जागे झाले, मान डावीउजवीकडे वळवून पाहिली आणि म्हणाले, “वारा ठीक आहे, पण झोपेत मला जरा गरम झाल्यासारखं वाटलं.” पंखा रिजेक्ट. टरबुजवाले तर त्यांना लांबूनच ओळखतात. साडूभाऊ फळ वाजवून बघायला लागले की आजूबाजूची गिऱ्हाइकं आपलं घेणं थांबवून यांचा निकाल काय लागतो ते बघत उभी राहतात.

ताईंना, म्हणजे आमच्या मेव्हणीला, बघायला हे गृहस्थ तीनदा आले होते. आमच्या सासुरवाडीत ही गोष्ट अजून सणासुदीला सांगितली जाते. पहिल्या वेळी पोहे खाल्ले, दुसऱ्या वेळी पोहे खाल्ले आणि तिसऱ्या वेळी पोह्यांची बशी समोर आल्यावर सासऱ्यांनी हात जोडून विचारलं, “पाहुणे, तुम्हाला मुलगी बघायची आहे की पोहे?” त्यावर यांनी शांतपणे सांगितलं की एकदा चव जमणं हा योगायोग असू शकतो, दोनदा जमणं हे नशीब असू शकतं, तिसऱ्यांदाही तीच चव लागली तर मग बोलणी करू. तिसऱ्यांदाही तीच चव लागली. ताई हे सांगताना अजूनही चिडल्याचा आव आणतात, पण गोष्ट सांगायची संधी मात्र कधी सोडत नाहीत.

आणि ताईंच्या हाताला चव आहे, यात वादच नाही. उन्हाळा लागला की त्यांच्या गच्चीवर नागलीचे पापड, कुरडया, सांडगे, वाळवलेली मेथी असा सगळा पसारा मांडलेला असायचा आणि कॉलनीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून वर चक्कर मारायच्या. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन जर्मनीला गेली, तेव्हापासून दर वर्षी या वाळवणाचा एक भलामोठा खोका तिकडे जायचा. पोरीला तो खोका इतका लागायचा की ती आधी वजन विचारायची आणि मग आईवडिलांची खुशाली. पण दोन-तीन वर्षांपूर्वी ताईंना सांधेवातानं धरलं. सकाळी बोटं सुजून यायची, मूठ वळायची नाही. डॉक्टरांनी मळणं, लाटणं, घोटणं बंद करायला सांगितलं. ताईंनी मान डोलावली, घरी येऊन नागलीचं पीठ मळायला घेतलं आणि परात तशीच टाकून आत जाऊन पडल्या. त्या वर्षी खोका गेला नाही. लेक फोनवर “असू दे गं आई” म्हणाली. ताई त्यानंतर आठ दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत, आणि साडूभाऊ आयुष्यात प्रथमच घरात काय रिजेक्ट करावं ते न कळून नुसते येरझाऱ्या घालत राहिले.

अशा अवस्थेत त्यांना मोबाईलवर ते यंत्र दिसलं. कुणी एक अमेरिकन म्हातारा आपल्या गॅरेजमध्ये उभा राहून आइस्क्रीम वाळवत होता. फ्रीज ड्रायर म्हणतात त्याला. घरात ठेवता येतो, दिसायला पुढून दार असलेल्या धुलाई यंत्रासारखा. अन्न आधी दगडासारखं गोठवायचं, मग आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे बर्फाचं पाणी न होता थेट वाफच होऊन जाते आणि मागे राहतो कुरकुरीत, हलका पदार्थ. पाहिजे तेव्हा गरम पाणी ओतलं की पुन्हा जसाच्या तसा. साडूभाऊंनी मला पहाटे फोन केला. “साडूभाऊ, आता हिला वाळवण करायचा त्रासच नाही. सगळं यंत्र करणार. खोका जाणार म्हणजे जाणार!” मी झोपेत किंमत विचारली. त्यांनी सांगितली. मी उठून बसलो. त्या पैशात बरी जुनी मोटार आली असती, आणि मग निदान माझ्या गाडीची सुटका झाली असती.

त्यांनी चौकशीचा सपाटा लावला. एका कोल्ड स्टोरेजवाल्याला गाठलं, एका बेदाणेवाल्याला गाठलं, विजेच्या बिलासाठी वायरमनला घरी बोलावून जेवू घातलं. शेवटी दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्याला एक शेतकरी घरातली सून सापडली. ती सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी वाळवून विकायची. धंदा वाढला म्हणून मोठं यंत्र घेणार होती आणि हे लहान विकायचं होतं, नव्यापेक्षा बरंच स्वस्त. “पण काका, लवकर सांगा बरं का,” ती फोनवर म्हणाली, “दुसरं गिऱ्हाईक लय मागं लागलंय.” साडूभाऊंनी लगेच अट घातली, की आधी ट्रायल. ती हसून म्हणाली, “या की, करा ट्रायल. मशीन कुठं पळून जातंय!” तिला साडूभाऊ माहीत नव्हते.

आम्ही निघालो तेव्हा माझ्या गाडीत लग्नाच्या पंगतीला पुरेल इतके डबे होते. मिसळ होती, तर्रीसकट. पिठलं होतं, भात होता, श्रीखंड होतं, आमच्या शेजाऱ्यांच्या बागेतली द्राक्षं होती. आणि ताईंच्या मांडीवर एक स्टीलचा डबा होता, त्यात डाळ घालून केलेली मेथीची पातळ भाजी. ती भाजी ताईंनी त्या दिवशी सगळी एकटीनं केली. निवडली, धुतली, चिरली, घोटली. माझी बायको मदतीला गेली तर तिला स्वयंपाकघरातून घालवून दिलं. “ट्रायल माझ्या हातच्या चवीची आहे ना? मग मधे कुणी यायचं नाही.” सकाळी सुरू केलेली भाजी जेवणाची वेळ टळून गेल्यावर झाली, आणि गाडीत बसताना त्यांना दाराचा खटका ओढता आला नाही. साडूभाऊंनी तो ओढला आणि पुढे येऊन बसले.

यंत्राचे ट्रे भरताना द्राक्षांवरून चर्चा झाली. ती सून म्हणाली, “पुस्तकात लिहिलंय, द्राक्ष कापून टाका.” आम्ही सगळे हसलो. द्राक्ष कापून? नाशिकच्या माणसानं? ती स्वतः बागायतदाराची लेक, तिलाही ते पटलेलं नव्हतंच. “मला पण कसंतरीच वाटतं हो काका, टपोरं द्राक्ष आन् त्याला सुरी लावायची.” तेव्हा द्राक्षं अखंडच आत गेली. यंत्र घरघर करायला लागलं. काम एका दिवसाचं नव्हे म्हणून आम्ही परत आलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा गेलो, तर ते अजून घरघरतच होतं. द्राक्षं वाळायचं नावच घेत नव्हती. त्यांच्या सालीनं पाण्याला बाहेर पडू दिलं नव्हतं. शेवटी दार उघडलं तेव्हा काही फुटली होती, काही फुगली होती, बाकीची बाहेरून कडक आणि आतून चिकट होती. साडूभाऊंनी एक तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि म्हणाले, “द्राक्षपण गेलंय, बेदाणेपण आलेलं नाही.” मिसळीची मटकी कुरकुरीत झाली, पण तेल होतं तसंच तेल राहिलं. श्रीखंडाच्या वड्या मात्र त्या सुनेच्या लहान मुलीनं उभ्या उभ्या संपवल्या, त्यामुळे त्यांचा निकाल कळू शकला नाही.

मग मेथी. वाटीत हिरवा चुरा होता, बागेतला वाळका पाला असावा तसा. सुनेनं त्यावर गरम पाणी ओतलं. पानं हळूहळू उलगडली, डाळ मऊ झाली, लसणाचा वास खोलीभर झाला. साडूभाऊंनी डोळे मिटून घास घेतला. मग दुसरा घेतला. मग त्यांनी वाटीच ओढून घेतली. “पास,” ते म्हणाले. पंखे, गाद्या, टरबुजं, स्वतःचं लग्न, कशालाच पहिल्या फेरीत हा शब्द मिळाला नव्हता. “ताई, अगदी तुमच्या हातची!” मी म्हणालो. सून म्हणाली, “आन् पिशवीत हवाबंद केली तर वीस-वीस वर्षं टिकती म्हणतात.” साडूभाऊंनी चेकबुक काढायला खिशात हात घातला.

ताई तिथेच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, “अहो, पण भाजी करायची कुणी?”

“म्हणजे?” मी विचारलं. ताई म्हणाल्या, “वाळवायचं काम काय, ऊन करतच होतं. उन्हाला कधी माझे हात लागले नाहीत. निवडायचं, चिरायचं, मळायचं, लाटायचं, ते माझं काम होतं. ते हे यंत्र करतं का?”

सगळ्या जिल्ह्यात चौकशी झाली होती, वायरमनही जेवून गेला होता. हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. साडूभाऊंचा हात खिशातच राहिला. ती सूनही शहाणी, तिनं विक्रीचा विषय पुन्हा काढला नाही. उरलेली मेथी चंदेरी पिशवीत बंद करून ताईंच्या हातात दिली आणि सगळ्यांना चहा ठेवला. परतीच्या वाटेवर दिंडोरी गेली, म्हसरूळ आलं, तरी साडूभाऊंचा हात खिशातच होता. मला त्यांची कीवही येत होती आणि हसूही येत होतं, तेव्हा मी आपली गाडी चालवली.

यंत्र त्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं नेलं. साडूभाऊंनी एक सोऱ्या आणला, तो मात्र चाचणी न घेता, असं ताई सांगतात, पण माझा विश्वास नाही. आता उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर सावलीत ताईंची खुर्ची असते आणि उन्हात, डोक्याला पंचा बांधून, कोपरापर्यंत गव्हाच्या चिकात बुडालेले साडूभाऊ असतात. “अहो, गुठळी होतेय! खालून हलवा. खालून म्हणजे खालून!” तपासणी आता ताई करतात, आणि त्यांच्या हातून रिजेक्ट होणाऱ्या मालाचं प्रमाण फार मोठं आहे. साडूभाऊंचा नागलीचा पापड कधीच गोल होत नाही. तरी खोका जातो. लेकीनं फोनवर विचारलं, “आई, यंदा कुरडया इतक्या जाड कशा?” ताई म्हणाल्या, “नवीन माणूस ठेवलाय. शिकतोय.”

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो होतो. स्वयंपाकघरातल्या कपाटात, चहासाखरेच्या डब्यांमागे मला ती चंदेरी पिशवी दिसली. मी ती काढली आणि म्हणालो, “साडूभाऊ, एवढे दिवस झाले, टिकलीय की नाही ते बघायला नको? पाणी गरम करू का?” मला वाटलं, माणूस खुलेल. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. आतल्या खोलीतून ताईंचा आवाज येत होता, त्या लेकीशी बोलत होत्या.

“राहू द्या,” ते हळूच म्हणाले. “हिनं एकटीनं केलेली आहे ती.”

पिशवी त्यांनी होती तिथे, अगदी मागे ठेवली, पुढे डबे सारखे लावले आणि कपाटाचं दार नीट लागलंय ना, ते दोनदा ओढून बघितलं.