स्लाईडवरचं खळं

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी धाराशिवला माझ्या घरी आणलं. गुडघा बरा झाला, काठी सुटली, तरी मी त्यांना गावाकडं जाऊ देईना. आधी म्हटलं, थंडी सरू द्या. मग म्हटलं, सणाला सगळेच जाऊ. अण्णा वाद घालणारे नव्हेत. ते नुसते गप्प झाले. सकाळी गॅलरीत, दुपारी कॉटवर, संध्याकाळी पुन्हा गॅलरीत. काही विचारलं की "हं". त्या "हं"चा मला भारी राग यायचा. मी एवढं करतेय आणि हे आपले पाहुण्यासारखे बसून!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एका रविवारी दुपारी चौथीच्या पोरांसाठी जुन्या शेतीच्या स्लाईडी बनवत होते. आता शिवारात खळं कुणी करत नाही. मळणीयंत्र येतं, धुरळा उडवतं आणि निघून जातं. पोरांनी खळं बघितलेलंच नाही, तर ते हलतं-फिरतं दाखवावं म्हणून मी मधोमध तिवडा, म्हणजे खळ्यातला खांब, काढला. भोवती ज्वारीची कणसं पसरली. इंटरनेटवरून एक बैल आणला आणि त्याला गोल मार्ग लावला. यात अवघड काही नसतं. चित्र निवडायचं, मार्ग निवडायचा, की हिरव्या खुणेपासून लाल खुणेपर्यंत चित्र आपोआप जातं.

बैल निघाला. अर्धा गोल ऐटीत गेला.

"बैल मागं चालतोय," पाठीमागून आवाज आला.

अण्णा कधी येऊन उभे राहिले होते, मला कळलंच नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. चित्र मार्गावरून सरकतं, पण तोंड वळवत नाही. म्हणून उरलेला अर्धा गोल बैल बिचारा शेपटीकडून चालत होता.

"असला बैल म्या जन्मात बघितला न्हाय," अण्णा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मला आमच्या खळ्यावरची कडब्याची गंज आठवली. मळणी चालू असताना मी तिच्यावर चढून बसायची. तिथून बैल वेगळेच दिसायचे. नुसत्या दोन पाठी, एक पांढरी, एक तांबडी, आणि पुढं चार शिंगं. सारवलेल्या खळ्याचा वास, कणसांचा चुरचुर आवाज, बैलांच्या मागं अनवाणी चालणारे अण्णा. खळ्यात चप्पल घातलेली त्यांना खपायची नाही. आम्हा पोरांचं काम म्हणजे शेण कणसांवर पडायच्या आत पाटीत झेलायचं. ते काम मी नाक मुरडत करायची, आणि आज त्याच्यासाठी जीव तुटतो.

मी इंटरनेटचा बैल पुसून टाकला आणि गंजीवरून दिसायचे तसे बैल काढले. दोघांना एकत्र बांधलं, गोल मार्ग लावला आणि मार्गाबरोबर स्वतःभोवती वळायलाही लावलं. आता तोंडं बरोबर पुढं राहिली. फक्त प्रत्येक फेरी संपली की जोडी हळू व्हायची, थांबायची आणि मग पुन्हा निघायची.

"थांबत्यात का गं?" अण्णांनी विचारलं. मी काही सांगायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. "मुसकी न्हाय घातलीस. कणसं खात्यात ती."

मी हसायला लागले. बैलांच्या तोंडाला जाळी नाही म्हणून ते थांबतात, हे कॉम्प्युटरवाल्या कुणाला सुचलं नसतं. सुरुवात आणि शेवट हळू करायची सोय असते, ती मी काढून टाकली. पण अण्णांच्या समाधानासाठी दोन्ही तोंडांवर मुसकीही काढली. बैल न थांबता फिरू लागले.

"बघ," अण्णा म्हणाले.

मी चहा करून आणला. स्लाईड संपेपर्यंत फिरत राहा असं सांगून ठेवल्यामुळं बैल फिरतच होते. अण्णा टक लावून बघत होते. त्यांचा चहा निवला.

"सोड की आता त्यांना," ते म्हणाले. "लई वेळ झाला. पाणी दाव."

खळ्याच्या कडेला मी हौद काढला आणि हातानं नवा मार्ग ओढू लागले. अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आधी मुसकी काढ. तशीच पाणी कशी पितील?"

मुसकी गेली. बैल तिवड्यापासून निघाले, माझ्या वाकड्यातिकड्या रेषेवरून हौदाशी गेले आणि थांबले. अण्णांनी मोठा श्वास सोडला.

"मी बी जातो गावाकडं," ते म्हणाले. "उद्याच्या गाडीनं."

"अण्णा, गोठ्यात बैल न्हायत आता. तुम्ही जाऊन करणार काय?"

"हौद हाय की," ते म्हणाले. "धुतला न्हाय कुणी, मी हितं आल्यापसनं."

मला रडू आलं आणि त्यांनी ते बघितलंही, पण यावेळी मी सण-थंडी काही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी त्यांना गावाकडच्या, बेंबळीच्या एसटीत बसवलं. खिडकीतून त्यांनी मलाच बजावलं, वेळेवर जेवत जा. घरी आल्यावर गॅलरीतली रिकामी खुर्ची मी आत आणून ठेवली.

ती स्लाईड मी दरवर्षी दाखवते. पोरं खूश असतात. बैल हौदाशी जाऊन थांबले की कुणीतरी विचारतंच, "बाई, आता परत कधी फिरणार?"

"आता न्हाय. त्यांचं काम झालं," मी सांगते, आणि पुढची स्लाईड लावायला मला जरा वेळ लागतो.