भावाच्या कर्जाचा हिवाळा

त्या हिवाळ्यातलं मला धुकंच जास्त आठवतं. द्वारकेहून मेट्रोच्या निळ्या लाइनीत बसायचं आणि पार दुसऱ्या टोकाला, वैशालीला उतरायचं. मध्ये अख्खी दिल्ली लागते, पण त्या जानेवारीत ती दिसायचीच नाही. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. मध्येच एखादी गच्ची, पाण्याची काळी टाकी, कठड्यावर टाकलेली रजई तरंगत यायची आणि विरून जायची. यमुना ओलांडताना खाली नदी आहे की नाही, तेही कळायचं नाही. मी शाल डोक्यावरून घेऊन डोळे मिटायचे. धड झोपही नाही, जागही नाही. डब्यातली माणसं बोलायची ते लांबून, रजईच्या आतून ऐकू यावं तसं यायचं.

माझा धाकटा भाऊ गाझियाबादला राहतो. नोएडात एका कंपनीत नोकरी, स्वतःचा दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको. आम्ही दोघंही दिल्लीत जन्मलो, दिल्लीतच वाढलो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आई-वडील गेल्यावर मी द्वारकेचं घर सांभाळलं आणि तो नदीपलीकडे गेला. त्या वर्षी त्याच्या सासूबाईंचं ऑपरेशन होतं, म्हणून त्याची बायको नागपूरला गेली होती. तो एकटाच होता. संक्रांतीला जेवायला येतो म्हणाला आणि आला नाही. फोनही उचलेना. शनिवारी मी तिळाच्या वड्या डब्यात भरल्या आणि गाडीत बसले.

त्याने दार उघडलं तेव्हा अंगावर स्वेटर उलटा होता. मला बघून तो दचकला नाही, खूशही झाला नाही. "अच्छा, तू आहेस होय," एवढंच म्हणाला, जणू मी रोजच येते. घर नीटनेटकं होतं, पण कोणी राहत नसावं असं. मी चहा टाकायला गेले. दूध काढायला फ्रीज उघडला, तर भाज्यांच्या कप्प्यातून गुणगुण ऐकू आली. आधी वाटलं, फ्रीजच बिघडला. कप्पा ओढला तर फ्लॉवरच्या गड्ड्याशेजारी, रुमालात गुंडाळलेला त्याचा मोबाइल थरथरत होता.

"हा इथे काय करतोय?"

"थंड होतोय," तो म्हणाला.

मला हसू फुटलं. त्यालाही फुटलं. खूप दिवसांनी दोघं लहानपणीसारखे हसलो, आणि हसता हसता तो फ्रीजला टेकून खाली फरशीवर बसला आणि उठलाच नाही. मीही शेजारी बसले. फरशी बर्फासारखी होती. वर गॅसवर चहा उकळून उकळून काळा झाला.

तिथे बसून त्याने सांगितलं. ऑफिसातल्या कुणीतरी शेअर बाजारातलं ऑप्शन्सचं, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर पैसे लावायचं, शिकवलं होतं. मोबाइलवर, जेवणाच्या सुट्टीत. सुरुवातीला पैसे आले. आले म्हणून आणखी घातले. मग गेले. गेलेले परत आणायला पर्सनल लोन, त्याचा हप्ता भरायला कार्ड, कार्डाचं बिल भरायला आणखी एक कार्ड, आणि शेवटी ती पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स. आता दिवसभर फोन. कोणी गोड बोलायचं, कोणी आईवरून शिव्या द्यायचं. एकाने त्याच्या साहेबालाही फोन केला होता.

"ताई, मला ना, सगळं स्वप्नात चालल्यासारखं वाटतं यार," तो म्हणाला. "म्हणजे भीती वाटायला हवी ना? तीही नाही वाटत. मी ऑफिसात बसतो, काम करतो, आणि कोणीतरी दुसराच माणूस ते करतोय असं वाटतं."

"किती झालंय?"

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "पण बोलता नाही येत."

परतताना गाडीत मी मनातल्या मनात सगळं जुळवून टाकलं. माझी मुदत ठेव होती, वडिलांनी ठेवलेली थोडी होती. ती मोडायची, त्याचं सगळं फेडायचं, आणि वहिनी परत यायच्या आत विषय मिटवायचा. त्याच्या बायकोला मी वहिनीच म्हणते, वयाने लहान असली तरी. द्वारका येईपर्यंत माझ्या मनात सगळं फिटलंही होतं. मला फार हलकं, उबदार वाटत होतं.

पण ठेव मोडायच्या आधी कुणाला तरी विचारावं, म्हणून मी काकूंना फोन केला. काकू म्हणजे आईची मैत्रीण. एका बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, आता एकट्या राहतात. महाराष्ट्र मंडळातल्या बायका सांगायच्या की, कोणी कर्जात अडकलं की काकू मदत करतात, पैसे घेत नाहीत आणि फार ओरडतात. "काहीही मोडू नकोस," त्या फोनवर म्हणाल्या. "शनिवारी कस्तुरबा गांधी मार्गावर ये. त्याला घेऊन. आणि त्याला म्हणावं, सगळे कागद राहू देत, नुसता ये."

कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याचं अतिथिगृह आहे, तिथल्या उपाहारगृहात काकू शनिवारी दुपारी बसतात, कारण तिथे मराठी जेवण मिळतं. आम्ही पोचलो तेव्हा धुकं नुकतं उठत होतं. काचेतून पांढुरका उजेड आत येत होता आणि कढईतल्या तेलाचा वास सुटला होता. कुणी सरकारी कामासाठी आलेले लोक झुणका-भाकरी खात होते. काकूंनी मफलर कानावरून गुंडाळला होता, आणि त्यांना त्या कानाने आधीच कमी ऐकू येत होतं.

"बोल. एकूण किती?" त्यांनी विचारलं.

भाऊ खाली बघून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने. मला ऐकू येत नाही."

"अठरा लाख..." तो थांबला. "सत्तासी हजार."

"सडसठ का?"

"नाही काकू, सत्तासी."

"हे बघ, चाळीसएक वर्षं मी या गावात काढली, पण मला हिंदीतले आकडे अजून कळत नाहीत. मराठीत सांग."

भावाने माझ्याकडे पाहिलं. दिल्लीत वाढलेल्या आमच्यासारख्यांची गंमत अशी की घरी मराठी बोलतो, पण तिसाच्या पुढचे आकडे आले की गाडी हिंदीवर किंवा इंग्रजीवर जाते. आई होती तोवर ती दुरुस्त करायची. आता कोण करणार?

"लिहून देऊ का?" तो म्हणाला.

"लिहू नकोस. लिहिलेलं तर तुला रोज दिसतं. बोल."

"ताई, सत्तासीला काय म्हणतात?"

"सत्त्याहत्तर?" मी म्हणाले.

"ते सेव्हन्टी सेव्हन झालं, ताई."

"मग... सत्त्या... सत्त्याण्णव? नाही, नाही. थांब."

आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे काकूंसमोर बसून आकडे शोधायला लागलो. एकोणऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी असं बोटांवर मोजत तो वर चढत गेला, आणि मोजता मोजता त्याचा आवाज मोठा होत गेला. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ घास हातात धरून आमच्याकडे बघायला लागले. "सत्त्याऐंशी!" भाऊ ओरडला. "अठरा लाख सत्त्याऐंशी हजार!"

त्या गृहस्थांना बहुतेक वाटलं की याला काहीतरी मिळालं आहे. ते हसले आणि त्यांनी मान डोलावली.

भाऊ मात्र रडायला लागला. आवाज न करता, पुढ्यातल्या साबुदाणा वड्याकडे बघत. तीन महिने जे तोंडातून निघत नव्हतं, ते सगळ्या लोकांसमोर बोलून झालं होतं. काकूंनी त्याला रडू दिलं. मध्ये त्याच्या ताटलीतला एक वडा उचलून खाल्ला. त्याचं रडणं थांबल्यावर रुमाल न देता त्या म्हणाल्या, "बरं. आता यातलं बँकांचं किती, ॲपवाल्यांचं किती, दोस्तांचं किती?"

मी पुढे झाले. मुदत ठेवीचं सांगितलं. खरं तर मला वाटत होतं की आता काकू माझं कौतुक करतील.

"बिलकुल नाही," त्या म्हणाल्या. "तू फेडलंस तर याला उद्या सकाळी जाग येईल तेव्हा वाटेल, काही झालंच नव्हतं. सहा महिन्यांनी परत तेच. आणि तू म्हातारपणी काय खाशील?"

मला राग आला. इतका, की मी उठून चहा आणायला गेले आणि तिथेच उभी राहिले. माझ्या पैशाने माझ्या भावाला सोडवायचं, त्यात या बाईंचं काय जातं? काचेबाहेर आता उन्हाची पुसट तिरीप पडली होती. आत बघितलं तर भाऊ काकूंकडे वाकून बोलत होता. मला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. पण त्याने हात हलवून काहीतरी समजावलं, काकूंनी मान हलवली, परत त्याने समजावलं. कितीतरी महिन्यांनी तो असा, स्वतःहून, कोणाशी तरी बोलत होता. मी चहा घेऊन गेले आणि ठेवीचं पुन्हा काढलं नाही.

काकूंनी जे सांगितलं ते अवघड नव्हतं. कर्ज फेडायला नवं कर्ज काढायचं नाही. मोबाइलमधलं शेअरचं खातं बंद. त्याची कार विकायची, त्यातून आधी ॲपवाल्यांचं मुद्दल. त्यांच्या धमक्यांचे मेसेज पुसायचे नाहीत, ते घेऊन सायबर पोलिसांकडे जायचं. बँकांपासून लपायचं नाही, शाखेत जाऊन समोर बसायचं आणि हप्ते लांबवून मागायचे. "आणि बायकोला सांगायचं. आज."

"आज नको, काकू. तिची आई..."

"मग परवापर्यंत. त्याच्यापुढे मी तुझी केस घेत नाही. मीही दमते."

मी काय करू, असं विचारलं तर म्हणाल्या, "तू याच्यासोबत बँकेत जा. शेजारी बस. बोलू नकोस."

तशी मी बसले. मोठ्या कर्जाची बँक गाझियाबादच्या बाजारातच होती. तिथला अधिकारी तरुण होता, स्वेटरच्या आत टाय घातलेला. त्याने आधी नेहमीचं पाठ केलेलं सांगितलं, मग भावाचं ऐकून घेतलं, मग आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला. दोन-तीन फेऱ्या झाल्या. एकदा तर आम्हाला दुसऱ्याच शाखेत पाठवलं. पण शेवटी मुदत वाढली आणि हप्ता एवढा खाली आला की पगारातून भरून घर चालावं. एका कार्डवाल्यांनी काहीच ऐकलं नाही, त्यांचं पूर्ण भरावं लागलं. पोलिसांत तक्रार दिल्यावर ॲपवाल्यांचे फोन हळूहळू विरळ झाले. थांबले असं नाही म्हणता येणार.

वहिनीला त्याने त्याआधीच, काकूंनी सांगितलेल्या दिवशी, सोसायटीच्या बागेतून फोन केला. मी लांब बाकावर बसले होते. तो झाडांभोवती गोल गोल फिरत बोलत होता. कधी धुक्यात दिसेनासा व्हायचा, कधी पुन्हा दिसायचा. परत आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ताईंना आधी सांगितलंस?"

"आणि?"

"बस. तेवढंच. मग फोन ठेवला."

ती होळीनंतर आली. माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलली. "तुम्ही होतात म्हणून निभावलं, ताई," असं म्हणायची, पण त्यातलं 'तुम्ही' बोचायचं. मला ते कळत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. आल्या आल्या तिने पगाराचं खातं स्वतःच्या हातात घेतलं. भावाला बस आणि मेट्रोने ऑफिसला धाडलं. स्वतः सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या. काकूंना भेटायला ती एकटीच गेली. काय बोलणं झालं ते दोघींनीही सांगितलं नाही. आल्यावर मात्र तिने मला फोन केला आणि विचारलं, "ताई, काकू सगळ्यांच्याच ताटातलं खातात का?"

"सगळ्यांच्या," मी म्हणाले.

ती हसली. तेव्हापासून आमचं बरं चाललंय.

हप्ते अजून आहेत. काही वर्षं राहतील. भाऊ कधी कधी बोलता बोलता हरवतो, मग वहिनी त्याला हाक मारते, दोनदा मारावी लागते. यंदाच्या हिवाळ्यात दोघं रविवारी माझ्याकडे द्वारकेला आले होते. जेवणं झाल्यावर आम्ही सोसायटीच्या हिरवळीवर चटई टाकून उन्हात बसलो. वहिनी मटार सोलत होती. विमानं खाली उतरत डोक्यावरून जात होती, इतकी खाली की त्यांची चाकं दिसत होती, आणि त्यांच्या सावल्या गवतावरून, आमच्या पायांवरून, मटारांच्या ढिगावरून सरकत होत्या. भाऊ चटईवर आडवा झाला आणि उन्हात तोंडावर हात घेऊन झोपी गेला. चांगला घोरत होता. वहिनीने तिची शाल त्याच्या पायांवर टाकली आणि माझ्याकडे सोलायला मूठभर शेंगा सरकवल्या.