फाटकाबाहेरची नोरीन

नोरीन पॅस्कोने तीस वर्षं गायी पाळल्या, त्यांचं दूध काढलं आणि दूध आटलं की त्यांना ट्रकमध्ये चढवलं. मग एका हिवाळ्यात तिने दूध काढायची यंत्रं विकली, जमीन एका सहकारी संस्थेच्या नावावर केली आणि तिथे एक वस्ती वसवली. वस्तीत कुणाला मारायचं नाही आणि कुणाचं काही घ्यायचं नाही. काही म्हणजे दूध, अंडी, मध, लोकर, कातडं, सगळं आलं. तिने असं का केलं, हा आमच्या खोऱ्यातला जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे. गावातल्या पबमध्ये त्याची उत्तरं फुकट मिळतात. नवरा लेस गेला त्याचा धक्का बसला, हे एक. शहरातून आलेल्या लांब केसांच्या लोकांनी तिच्या चहात काहीतरी मिसळलं, हे दुसरं. दुसरं जास्त लोकप्रिय आहे.

मी तिच्याच वस्तीत राहतो, त्यामुळे तिला सरळ विचारायची सोय होती. एकदा ती म्हणाली, पहाटे उठायचा कंटाळा आला होता. पुढे कधीतरी म्हणाली, गुडघे दुखायचे. दोन्ही कारणं खरी असणार. पण गुडघे दुखतात म्हणून कोणी टोफू करायला शिकत नाही.

आमचा पत्ता बुचर्स क्रीक रोड असा आहे. हा बुचर जुन्या काळातला कुणी मोजणीदार होता, खाटीक नव्हे; पण हे प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगावं लागतं. रस्त्याचं नाव बदलून घ्यावं असा विषय एकदा निघाला होता. नोरीन म्हणाली, बिचारा माणूस मरून गेलाय, आता त्याला कशाला दुखवता.

सुरुवातीला जे पाच-सहा जण आले, त्यांनी नियम तयार करायला भरपूर वेळ घेतला. त्यांना 'शक्यतो' हा शब्द हवा होता. शक्यतो मारू नये, शक्यतो घेऊ नये. नोरीनने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुधाच्या शेडच्या दारावर पांढऱ्या रंगाने स्वतःच लिहून टाकलं: 'इथे कुणाला मारायचं नाही. इथे कुणाचं काही घ्यायचं नाही. जो मारील तो फाटकाबाहेर राहील.' शक्यतोचं काय, असं कुणीतरी विचारलं. तिने ब्रश धुता धुता सांगितलं की शक्यतो तर ती आधीही मारत नव्हती.

या तीन ओळींवर आम्ही जगतो, आणि त्यात वाटतं त्यापेक्षा जास्त काम आहे. जळू चावली तर उपटून फेकायची नाही. तिचं पोट भरलं की ती आपणहून गळते, तोवर थांबायचं. म्हाताऱ्या कोंबड्या आहेत, अंड्यांच्या कारखान्यातून आणलेल्या. त्या अजून अंडी घालतात. ती अंडी आम्ही उकडून त्यांनाच परत खायला घालतो. कोंबड्यांना त्याचं काही वाटत नाही, पाहुण्यांना वाटतं. गायीचं शेण भोपळ्याला घालणं म्हणजे गायीचं काही घेणं होतं का, यावर एकदा सकाळपासून जेवणापर्यंत चर्चा झाली. शेवटी ठरलं की जे ती मागे टाकून पुढे गेली, ते तिचं राहिलं नाही.

चर्चा लांबतात त्याचं कारण आमची पद्धत. मतं मोजायची नाहीत, सगळ्यांचं एकमत व्हायला हवं. एकाने जरी हाताची घडी घातली तरी ठराव तिथेच थांबतो. घडी घालणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही, हाही नियमच. त्यामुळे आमच्याकडे थंडी वाजली तरी लोक बैठकीत हात खिशात घालून बसतात.

शेण होतं म्हणजे गाय होती. यंत्रं विकली तेव्हा नोरीनने शेवटच्या काही भाकड गायी ठेवून घेतल्या होत्या. त्या एकेक करून म्हातारपणाने गेल्या आणि मेव्हिस उरली. मेव्हिस ही तपकिरी जर्सी, आणि स्वभावाने अत्यंत वाईट. पाहुण्यांना प्रेमळ डोळ्यांची, क्षमाशील गाय बघायची असायची. मेव्हिस त्यांना लाथ मारायची. नोरीनशीही तिचं काही विशेष गूळपीठ नव्हतं. दोघी एकमेकींना जुन्या सहकाऱ्यांसारख्या सहन करायच्या.

एका वर्षी शरदात पाऊस लांबला आणि ओढ्याकाठच्या चिखलात मेव्हिस घसरून बसली. बसली ती उठेना. नोरीनने तिच्या शेपटीच्या मुळाशी हात लावून पाहिला, मागचे पाय चाचपले आणि शेडमधून गवताचे भारे आणायला गेली. गावातून ग्रेटा लॅम, जनावरांची डॉक्टर, आली. तिने सांगितलं की मागच्या पायांची नस चेपली गेलीय, या वयात ती पुन्हा उभी राहणार नाही. दुखणं कमी करायला सुई देता येईल, पण ती पुरणार नाही. अंगाखाली जखमा होतील म्हणून सतत कूस बदलत राहावं लागेल. नाहीतर, ती म्हणाली, आणि दारावरच्या ओळी तिला माहीत असल्यामुळे तिथेच थांबली.

संध्याकाळी शेडमध्ये बैठक बसली. मेव्हिसला सोडवावं, असं बहुतेकांचं मत होतं; दारावर काय लिहिलंय याकडे पाठ करून बसायची जागा त्यांनी आधीच धरली होती. तेवढ्यात ब्रायोनी केसलरने हाताची घडी घातली. ब्रायोनी सिडनीतल्या वकिली कचेरीतली नोकरी सोडून आलेली, तिशीतली मुलगी. भांडखोर नाही; पण एखादं वाक्य तिला पटलं की ती त्याच्याखाली पथारी पसरते.

"तिच्या भल्यासाठी, असं म्हणताय तुम्ही," ती म्हणाली. "जगातला प्रत्येक खाटिकखाना हेच म्हणतो. मेव्हिसला विचारलं का कुणी?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, तू जाऊन विचार, लाथ बसली की तेच उत्तर समज. कुणी हसलं नाही. सगळे नोरीनकडे बघत होते. ती सांगेल ते ब्रायोनीही ऐकेल, असा अंदाज होता. नोरीन म्हणाली की घडी घातलीय ना, मग विषय संपला, आता कूस बदलायला कोण कोण येतंय ते सांगा.

म्हाताऱ्या गायीची कूस बदलणं हा प्राणिप्रेमाचा फार वेगळा प्रकार आहे. चार माणसं, दोरखंड, चिखल, आणि मधोमध तुम्हाला मदत करायची जराही इच्छा नसलेलं प्रचंड धूड. आमच्यातल्या काहींनी आयुष्यात पहिल्यांदाच गायीला एवढ्या जवळून हात लावला होता. ब्रायोनी एकही पाळी चुकवत नसे. तिचे तळहात सोलवटले, पण ती दोर सोडत नव्हती. नोरीन तिला पाय कुठे रोवायचा ते दाखवी, बाकी दोघींत बोलणं नव्हतं.

रस्त्यापलीकडे नोरीनचा दीर क्लाइव्ह राहतो. तो मांसासाठी गुरं पाळतो आणि आमच्याबद्दलचं त्याचं मत पबमधल्या दुसऱ्या उत्तराच्या जवळपास आहे. बातमी कळली तसा तो ट्रॅक्टर घेऊन फाटकाशी आला. नोरीन चिखलाचे हात तसेच घेऊन गेली. मी मागोमाग गवताची गाडी ढकलत होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"नोर, पुरे झाला वेडेपणा," क्लाइव्ह म्हणाला. "पट्टे लावतो, उचलतो आणि तिला रस्त्यापलीकडे नेतो. माझ्याकडे बंदूक आहे आणि माझ्या दारावर कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. तुझा नियम पण राहील आणि ती पण सुटेल."

मला ही युक्ती फार चांगली वाटली. नोरीनने फाटकाची कडी काढली नाही.

"तीस वर्षं मी त्यांना फाटकाबाहेरच पाठवत होते रे," ती म्हणाली. "तेव्हा इथे एक तरी मेलेली आठवते का तुला? म्हणून तर मला वाटायचं, मी कुणाला मारत नाही."

क्लाइव्हने टोपी काढून डोकं खाजवलं. मग, गवत कमी पडलं तर सांग, एवढं म्हणून ट्रॅक्टर वळवला. मी इतकी वर्षं जो प्रश्न विचारत होतो त्याचं उत्तर गवताची गाडी ढकलताना फुकटात मिळालं, याचा मला थोडा रागच आला.

पुढे मेव्हिसच्या मांडीखाली जखम झाली आणि ती चिघळली. सुईचा असर लवकर उतरू लागला. मग तिने भोपळा नाकारला. आजवर तिने भोपळा कुणाच्या हातूनही नाकारला नव्हता. लाथ मारणंही सोडलं, आणि ते बघवेना. एका सकाळी नोरीनने तिचे कान चाचपले, वस्तीच्या ऑफिसात जाऊन ग्रेटाला फोन केला आणि येऊन मेव्हिसच्या डोक्याशी चिखलात बसकण मारली. बैठक बोलावली नाही. बोलावली असती तर घडी पडलीच असती, किंवा ब्रायोनीला ती सोडावी लागली असती. नोरीनला दोन्ही नको होतं, असं मला वाटतं.

ब्रायोनी तिथेच होती. नोरीनने तिला चहाला जायला सांगितलं.

"मी नाही जाणार. माझी घडी अजून आहे, नोरीन."

"असू दे. सोडू नकोस. घडी घालूनच बस."

ब्रायोनी खरंच हाताची घडी घालून गवताच्या भाऱ्यावर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायचं तर घडी सोडावी लागली असती. ग्रेटा आली, बॅग उघडली आणि विचारलं की संमती कुणाची. माझी, नोरीन म्हणाली, माझी एकटीची. मेव्हिसचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं. फार वेळ लागला नाही.

दुपारी जेवणं सुरू असताना नोरीन धुतलेला शर्ट घालून आली आणि उभ्यानेच म्हणाली, "मेव्हिसला मी मारलं. संध्याकाळी निघते." लोकांनी नाना पळवाटा काढल्या. ही हिंसा नव्हे, दया आहे. मारलं डॉक्टरने, तू नाही. तू तर ही जागा वसवलीस, तुला कोण काढणार. तिने डाळीचं सूप संपवलं, ताट धुतलं, एक बॅग भरली आणि रस्ता ओलांडून क्लाइव्हच्या मागच्या खोलीत राहायला गेली. जिच्या एकेकाळच्या जमिनीवर आम्ही राहत होतो, तिला आम्ही बाहेर जाताना बघत होतो. अशा वेळी नेमकं काय करायचं ते दारावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून आम्ही फक्त बॅग उचलू लागलो.

त्यानंतरच्या बैठकीत नियमात दुरुस्ती सुचवली गेली: असह्य वेदनेतल्या जनावराचा अपवाद वगळून. ठराव ब्रायोनीने मांडला. मांडताना तिने आमच्यापैकी कुणाकडेही बघितलं नाही. सगळ्यांच्या माना हलल्या. नोरीनचं सभासदत्व रद्द करायला कुणाचा हात धजावला नव्हता, म्हणून तिलाही बोलावणं गेलं होतं. दिवसा यायला नियमाची हरकत नव्हती. नियम राहण्याबद्दल होता. ती दाराजवळच्या बाकावर बसली होती. तिने हाताची घडी घातली.

घडी घालणाऱ्याला बोल लावायचा नसतो, पण या वेळी ब्रायोनीलाच राहवलं नाही. "म्हणजे तू केलंस ते चूक होतं?"

"नाही. पुन्हा करीन."

"मग?"

"आणि पुन्हा बाहेर राहीन. 'वगळून' लिही तू दारावर, आणि मग बघ त्यात किती गायी मावतात. माझ्या वेळी सगळ्या मावायच्या."

ठराव थांबला. तो अजून थांबलेलाच आहे.

आता नोरीन सकाळी येते, दिवसभर आमच्याबरोबर टोमॅटो, भोपळे आणि भांडणं उपसते आणि दिवेलागणीला फाटकाबाहेर जाते. क्लाइव्हच्या स्वयंपाकघरात तिची कढई वेगळी आहे. तो सॉसेज भाजायला मागच्या अंगणात जातो. पावसातही जातो, आणि दर वेळी तिला ऐकू जाईल असं कुरकुरतो. तिला परत आणायचं म्हणून आम्ही काही करत नाही. तिने ऐकलं तर ती नोरीन कसली, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं. पण संध्याकाळी तिला जाताना बघणं अजून कुणाच्या अंगवळणी पडलेलं नाही.

नव्या पाहुण्यांना वस्ती दाखवायचं काम ब्रायोनीकडे आहे. संध्याकाळी टोपी घालून फाटकाकडे निघालेली ती बाई कोण, हे पाहुणे हमखास विचारतात. गेल्या आठवड्यात शहरातून एक जोडपं आलं होतं. ब्रायोनीने त्यांना सांगितलं की ती नोरीन, तिनेच ही वस्ती सुरू केली, आणि तिला बाहेर राहावं लागतं, कारण तिने इथे एका म्हाताऱ्या गायीला कायमचं झोपवलं.

नोरीन टोमॅटोच्या वाफ्यापाशी बुटाचा चिखल काढत होती. तिने मान वर केली नाही.

"मारलं," ती म्हणाली.

"मारलं," ब्रायोनीने पाहुण्यांना सांगितलं आणि फाटक उघडून धरलं.